आत या, कारण विचारणार नाही

कॉलेजच्या कुठल्याही अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. माझी जवळजवळ सगळी नोकरी त्या रकान्यावर गेली. दाखला कशासाठी हवा, कारण लिहा. ओळखपत्र कसं हरवलं, कारण लिहा. पंधरा दिवस कुठे होतात, कारण लिहा. पोरं त्यात जे काय लिहायची, त्याचं मी वेगळं पुस्तक काढू शकले असते. एका मुलाने तीन वर्षांत चार वेळा आजी वारल्याचं लिहून दिलं. चौथ्या खेपेला मी खिडकीतून विचारलं, "अरे बाबा, तुला आज्या तरी किती?" जराही न डगमगता तो म्हणाला, "मॅडम, आमची जॉइंट फॅमिली आहे." मी शिक्का मारला. असली हजरजबाबी पोरं पुढे कुठे अडत नाहीत.

वसईतल्या एका कॉलेजात मी क्लार्क म्हणून लागले आणि ऑफिसची मुख्य होऊन दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माहेर-सासर दोन्ही इथलीच, खाडीकाठची शेतकरी माणसं. घरातली पहिली पगारी बाई मीच. आमच्याकडे सगळं तोंडी चालायचं. बांध कुठवर, वाटणी कशी, कुणाला काय कबूल केलं, सगळं तोंडी, आणि मग वर्षानुवर्षं भांडणं. ऑफिसात आले आणि पाहिलं, की एकदा कागदावर आलं की इथे भांडण संपतं. मला ते फार आवडलं. ‘तोंडी चालणार नाही, कागद आणा’ हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणायची, की शिपाई माझी नक्कल करायचे. माझ्यामागे मला ‘कागदबाई’ म्हणायचे. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटायचं.

पण आज सांगायचं आहे ते माझ्या दुसऱ्या खुर्चीबद्दल.

मुलींच्या आणि बायकांच्या तक्रारी ऐकायला प्रत्येक कॉलेजात कायद्याने एक समिती असावी लागते. तिच्यात नुसत्या प्राध्यापिका असून भागत नाही, ऑफिसातलंही माणूस लागतं. एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. "पाटीलबाई, तुमचं नाव घालतोय. समितीत आणि महिला विकास कक्षातही. काही काम नसतं हो, वर्षातून चार सह्या." आणि खरंच तोवर काही काम नव्हतं. आठ मार्चला रांगोळी, पाहुण्या बाईंचं भाषण, मुलींना एकेक गुलाब, फोटो, आणि वार्षिक अहवालात अर्धं पान. तो अहवाल टाइप करायची मीच. मागच्या वर्षीचाच घ्यायची आणि फक्त पाहुण्यांचं नाव बदलायची.

मग सावे मॅडम कक्षाच्या प्रमुख झाल्या. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. बुटक्या, पण आवाज खणखणीत. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, "सर, रांगोळी पुरे झाली. मुलींसाठी एक खोली द्या. आतून कडी लागणारी."

"देऊ की," प्राचार्य म्हणाले, "पण कारण काय दाखवू?"

"तेच तर. कुणाला कारण सांगावं लागू नये म्हणूनच हवी आहे."

खोली मिळायला दीड वर्ष गेलं. ऑफिसला लागून मोडक्या बाकांची एक खोली होती. ते बाक कुणाच्या ताब्यात आहेत याचा जुना कागद मी शोधून काढला म्हणून, नाहीतर आणखी वर्षभर ते तिथेच राहिले असते. बाक गेले, आणि एक लोखंडी खाट, आरसा, दोन टेबलं, पिण्याचं पाणी, कपाटात पॅड एवढं आलं. आणि दाराशी आली रोझीबाय. रोझीबाय आमची शिपाई, कोळीवाड्यातली. समोर आलेल्या कुठल्याही मुलीला तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस काय गो?"

बाहेरच्या माणसाला वाटेल, अशा खोलीत रोज काहीतरी भयंकर घडत असेल. तसं काही नाही. चिंचोटीकडून येणाऱ्या एका मुलीला सकाळची एकच बस मिळायची. ती साडेसहाला उतरायची आणि लेक्चर आठला. ती रोज दीड तास गेटबाहेर उभी असायची, हे आम्हाला खोली झाल्यावर कळलं. त्यानंतर रोझीबाय सव्वासहाला कुलूप काढू लागली. एक सासू परीक्षेच्या दिवसांत तान्ह्या नातवाला घेऊन खाटेवर बसायची. सून पेपरच्या आधी बाळाला पाजून जायची आणि पेपर सुटला की धावत यायची. मधले तीन तास म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "आमची सून ग्रॅज्युएट होतेय." एक मुलगी रोज यायची, भिंतीकडे तोंड करून वीस मिनिटं झोपायची आणि उठून जायची. असं तीन महिने चाललं. मला विचारायची इतकी खुमखुमी यायची! पण सावे मॅडम डोळे वटारायच्या. ती मुलगी पास होऊन गेली, आणि तिचं काय होतं ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

त्या खोलीने मला माझ्या खिडकीकडेही नीट बघायला लावलं. आमच्या खिडकीवर एक नेहमीचं गिऱ्हाईक असायचं, स्थळ बघायला निघालेले लोक. मुलीच्या घरी जायच्या आधी कॉलेजात चौकशी. वागणूक कशी, मैत्रिणी कोण, कुणाबरोबर दिसते का. आमचे लोकही भाबडे. "चांगली आहे हो," म्हणायचे, आणि वर मुलगी किती वाजता सुटते तेही सांगायचे. एकदा एक काका पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आले. त्यांना पुतण्यासाठी एका मुलीचा मोबाइल नंबर हवा होता. मी नाही म्हटल्यावर दुखावले. "अहो बाई, मी सज्जन माणूस आहे." मी म्हटलं, "तोंडी चालणार नाही. सज्जनपणाचा दाखला आणा." काका बॉक्ससकट परत गेले. पेढे गेल्याचं रोझीबायला पुढे आठवडाभर वाईट वाटत होतं.

त्याच दिवशी मी नियम टाइप करून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला. कुठल्याही मुलीची किंवा बाईची कुठलीही माहिती इथून बाहेर जाणार नाही. नंबर नाही, पत्ता नाही, वेळापत्रक नाही. विचारणारा भाऊ असो, मामा असो, नाहीतर साक्षात बाप असो. माझ्या हाताखाली निशा म्हणून नवी मुलगी लागली होती. तिच्याकडून तर मी तो पाठच करून घेतला. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. मी खिडकी बंद केली होती. टपाल उघडंच राहिलं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता अक्षताबद्दल. हे नाव खरं नव्हे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. घर आचोळ्याला, तिसऱ्या मजल्यावर. वडील मूळचे कोकणातले, मुंबईत एका कंपनीत नोकरीला. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच थांबून मला विचारलं, "मॅडम, इथे बसायला फॉर्म भरावा लागतो का?" माझ्याकडे बघून तसंच वाटणार म्हणा. मी तोंड उघडायच्या आत रोझीबाय म्हणाली, "फारम नाय नि काय नाय. पानी पी आन बस."

आठवडाभराने तिने सावे मॅडमना सांगितलं. तिच्या शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा तिच्याच वर्गात होता. मागच्या बाकावर बसायचा, मोबाइलवर तिचे फोटो काढायचा आणि म्हणायचा, ‘आपलं जमलंय असं तुझ्या पप्पांना सांगतो, बघ.’ मॅडम म्हणाल्या, "लेखी तक्रार दे, मी बघते त्याच्याकडे." अक्षता तयार होईना. "मॅडम, घरी कळलं तर कॉलेज बंद होईल. माझी मोठी बहीण अशीच घरी बसली. मला फक्त डिग्री हवीय. एवढं वर्ष जाऊ दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घरी नाही ना कळवणार तुम्ही?" आणि तिने हात पुढे केला.

मी तिच्या हातावर हात ठेवला. "नाही कळवणार. माझा शब्द." जन्मभर तोंडी काही न चालवणारी मी. मला तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं.

मॅडमनी तिची तुकडी बदलण्याचा अर्ज प्राचार्यांकडे दिला. मधल्या काळात असं ठरलं, की ज्या लेक्चरना तो मुलगा असतो तेवढा वेळ तिने खोलीत बसायचं, आणि मॅडम तिला नोट्स देणार. रोज सकाळी दोन तास ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. अक्षर असं सुंदर, की बाकीच्या मुली आपले फॉर्म तिच्याकडून भरून घ्यायला लागल्या. रोझीबायच्या मोबाइलमध्ये तिने सगळ्या नातेवाइकांची नावं मराठीत घालून दिली. मी डबा घेऊन तिथेच बसायला लागले. आमच्याकडे राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. ती तिने आधी कधी खाल्ली नव्हती. पहिला घास खाऊन म्हणाली, "मॅडम, हे एवढं गोड, आणि तुम्ही खिडकीत एवढ्या कडू!" मला असं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी इतकी हसले, की पलीकडून निशा बघायला आली.

मला ती मुलगी आवडायची. सरळच सांगते. सकाळी ऑफिसात शिरताना मी आधी त्या खोलीच्या खिडकीकडे बघायची.

एक दिवस ती म्हणाली, "बाहेर काहीतरी लिहा ना मॅडम. मुली दारापर्यंत येतात आणि परत जातात. त्यांना वाटतं, आत कुणीतरी विचारणार." मग तिनेच प्लायचा तुकडा आणला आणि निळ्या रंगाने लिहिलं, ‘आत या. कारण विचारणार नाही.’ मी म्हटलं, "पाटी लावायला मंजुरी लागते." रोझीबायने तोवर खिळा ठोकलासुद्धा. मंजुरीशिवाय, कागदाशिवाय माझ्या डोळ्यांदेखत झालेलं नोकरीतलं ते पहिलं काम.

प्रत्येक सत्रात प्राध्यापकांच्या हजेऱ्या ऑफिसात येतात. ज्यांची हजेरी कमी भरते त्यांची यादी निघते. मुलं तिला डिफॉल्टर लिस्ट म्हणतात. यादीवरून पालकांना पत्रं छापली जातात. ‘आपला पाल्य वारंवार गैरहजर असतो, तरी समक्ष येऊन भेटावे.’ खाली ‘प्राचार्यांकरिता’ आणि माझी सही. पत्रं रोल नंबरच्या क्रमाने येतात, नावांकडे बघायचं कारण पडत नाही. भराभर सह्या करण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. त्या दुपारीही मी अख्खा गठ्ठा चहा गार व्हायच्या आत हातावेगळा केला. पलीकडच्या खोलीतून रोझीबायचं आणि अक्षताचं हसणं ऐकू येत होतं. त्याच गठ्ठ्यात तिचं पत्र होतं. त्याच्यावर सही केल्याचं मला आठवतही नाही.

कक्षाच्या वहीत आम्ही तिचं नाव लिहिलं नव्हतं. नुसतं ‘एक विद्यार्थिनी’. गुप्तता म्हणून. तेही आम्हाला अभिमानाचंच वाटायचं. त्यामुळे हजेरी घेणाऱ्यांना खोलीतलं माहीत नव्हतं, आणि सावे मॅडमना यादीतलं. अख्ख्या कॉलेजात दोन्ही माहीत असणारं माणूस एकच होतं, आणि ते मी.

चार दिवसांनी तिचे वडील खिडकीवर आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. आवाज चढवला नाही. पत्र काचेवर ठेवलं आणि म्हणाले, "माझी मुलगी रोज सकाळी साडेसहाला घरातून निघते. तुम्ही लिहिता ती येत नाही. मग ती जाते कुठे?"

मी पत्र पाहिलं. खाली माझीच सही. "साहेब, ती कॉलेजातच असते."

"कुठे?"

"मुलींच्या खोलीत."

"रोज दोन-दोन तास? कशासाठी?"

खरं सांगावं तर दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर काय सांगावं? शेवटी म्हणाले, "तिथे आम्ही कारण विचारत नाही." एवढं शहाणं वाक्य, पण त्या बापासमोर ते इतकं पोकळ वाटलं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," ते म्हणाले.

"पत्र चुकून गेलंय साहेब. मी मागे घेते. माझ्यावर विश्वास ठेवा, मुलगी चांगली आहे."

"बाई, ॲडमिशनच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तीनदा रजा टाकून आलो होतो. दर वेळी तुम्हीच म्हणालात, तोंडी चालणार नाही, कागद आणा." त्यांनी पत्र उचललं आणि घडीवर घडी घालून खिशात ठेवलं. "आज मी कागद आणलाय. आणि तुम्ही मला तोंडी सांगताय."

ते गेले. वाईट माणूस नव्हता हो तो. घाबरलेला माणूस होता. दुसऱ्या दिवशी तिच्या तुकडी बदलाच्या अर्जावर प्राचार्यांची मंजुरी येऊन माझ्या ट्रेमध्ये पडली. अक्षता मात्र त्या दिवशी आली नाही, आणि त्यानंतर कधीच आली नाही.

सावे मॅडमनी तिच्या घरी दोनदा फोन केला. कुणी धड बोललं नाही. मी पहिलं पत्र रद्द केल्याचं दुसरं पत्र तयार केलं, प्राचार्यांची खुद्द सही घेतली आणि रोझीबायला घेऊन आचोळ्याला गेले. दार तिच्या आईने उघडलं. बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "ती गावाला गेलीय, मामाकडे." दाराजवळच्या खिळ्याला घराच्या किल्ल्या लटकत होत्या, आमच्या कॉलेजच्या ओळखपत्राच्या फितीला. ओळखपत्र काढून नुसती फीत ठेवली होती. मी पत्र दिलं. त्यांनी ते न वाचता देवाच्या फडताळावर ठेवलं.

आम्ही जिना उतरायला लागलो तशा त्या मागून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, यांनी तिला लय विचारलं हो. तिने कुणाचंच नाव घेतलं नाही. एवढंच म्हणत राहिली, मी कॉलेजातच होते. आता तुम्ही येऊ नका परत. तिलाच त्रास होतो."

खाली रस्त्यावर आल्यावर रोझीबाय म्हणाली, "बाय, शब्द तू दिलास, पाल्ला तिनं." आणि रिक्षाला हात केला.

परीक्षेला तिचं हॉल तिकीट आलं. मी ते पेपर सुरू होईपर्यंत हातात घेऊन गेटवर उभी होते. तिचं लग्न ठरल्याचं पुढे एका मुलीकडून कळलं.

मी सावे मॅडमना म्हटलं, माझं नाव समितीतून काढा. त्या चिडल्या. "म्हणजे काय, तुम्ही सुटणार? बसा इथे आणि दुरुस्त करा." मग आम्ही नियम केला. डिफॉल्टर लिस्ट आधी खोलीत जाणार. सावे मॅडम आणि रोझीबाय ती नाव न् नाव वाचणार. ज्या मुलीची आम्हाला माहिती आहे तिच्या नावापुढे नुसती खूण, कारण नाही. तिचं पत्र निघणार नाही, आधी तिच्याशी बोलणं होणार. हे प्राचार्यांना पटवताना मी त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, सही माझी होती हेही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकाही पत्रावर नाव वाचल्याशिवाय सही केली नाही. निशा म्हणायची, "मॅडम, तुम्ही स्लो झालात." झालेच होते. एका वर्षी अशी खूण झालेली एक मुलगी पुढे बी.एड. होऊन पेढे घेऊन आली. रोझीबायला अखेर पेढे मिळाले. मी तोंड भरून कौतुक केलं, आणि मनात म्हटलं, हा नियम एका वर्षाने उशिरा झाला.

अक्षताचा दाखला आमच्याकडेच राहिला होता. प्रवेशाच्या वेळी आधीच्या कॉलेजचा मूळ दाखला आम्ही ठेवून घेतो. दुसरीकडे कुठेही शिकायचं म्हटलं, तर आमच्या खिडकीवर येऊन कागद न्यावे लागतात. म्हणजे ती फाइल कपाटात आहे तोवर ती कुठेही शिकत नाही, हे मला रोज कळत होतं. आणि ती शिकायला निघाली, तर माझ्या खिडकीवरूनच जाणार, हेही. दर जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, की मी रांगेत तोंडं बघायची. निळा ड्रेस दिसला, वेणी दिसली, की मान उंच करायची. खोलीत तिच्या टेबलाशी दुसऱ्या मुली बसायच्या. बसाव्यातच. पण डबा उघडला, की अजून कुणीतरी मला कडू म्हणेल असं वाटायचं. रोझीबायने तिच्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरला होता. "ती यील," म्हणायची, "सायबानं आयकलंय." रोझीबाय माझ्याआधी निवृत्त झाली. ती फाइल मी कपाटातून काढून माझ्या खणात ठेवली. नियमात बसत नव्हतं, तरी ठेवली.

निरोपसमारंभात शाल झाली, नारळ झाला, माझ्या शिस्तीवर भाषणं झाली. शेवटी निशाला किल्ल्या देताना मी तो खण उघडून दाखवला. "हिच्यासाठी कुणी आलं, तर पाच मिनिटांत काम कर. उद्या या, म्हणू नकोस."

यंदा श्रावणात, वाडीत केळीची पानं कापत होते तेव्हा निशाचा फोन आला.

"मॅडम, ती फाइल गेली."

मी कोयता खाली ठेवला. "कोण आलं होतं?"

"स्वतःच आल्या होत्या. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. मी म्हटलं, खोलीत बसा, लगेच करून देते. बसल्या. ती छोटी पाटी वाचत होती, एकेक अक्षर लावून. मग त्या तिला म्हणाल्या, ‘हे मम्माने लिहिलंय.’ मॅडम, पाटी त्यांनी लिहिली होती? मला माहीतच नव्हतं."

"अर्जावर कारण काय लिहिलं होतं?" मी विचारलं. जुनी सवय.

"पुढील शिक्षण. उरलेलं वर्ष पूर्ण करायचंय म्हणाल्या."

मी बांधावरच बसले. निशा बोलत होती. "तुम्हाला विचारत होत्या. मी सांगितलं रिटायर झाल्या. मग तुमचा नंबर मागितला. मी नाही दिला मॅडम. खिडकीवरचा नियम. तुम्हीच पाठ करून घेतला होतात."

निशाला वाटलं फोन कट झाला. "मॅडम? त्यांचा नंबर अर्जावर आहे. वाटलं तर तुम्हाला सांगते. तुम्ही काय बाहेरच्या आहात का?"

इतकी वर्षं रांगेत तोंडं बघितली, आणि नंबर असा समोर आला. नुसतं ‘सांग’ म्हणायचं होतं. पण तिने आपला नंबर निशाला दिला होता तो दाखल्यासाठी. एकदा तिच्या घरचा पत्ता प्रवेशापुरता आमच्याकडे आला होता, आणि मी त्याच्यावर पत्र पाठवलं होतं.

"नको," मी म्हटलं. "मी बाहेरचीच आहे आता. नंबर न देऊन तू बरोबर केलंस."

फोन ठेवल्यावर तिथेच बसून पोटभर रडून घेतलं. आनंद किती आणि दुःख किती, ते मला सांगता येणार नाही.

हा अंक दिवाळीत घरोघर जातो, आचोळ्यालाही जातो, म्हणून हे लिहिलं. तुझं नाव बदललं आहे, पण पाटी तू ओळखशील. नंबर इथेही देता येत नाही. पण माझं गाव तुला माहीत आहे. तुझ्या टेबलाशी बसून मी त्याच्याच तर गोष्टी सांगायची. स्टँडवर उतरून कागदबाईंचं घर विचार. ते नाव आता गावातही पोचलं आहे, कुणीही दाखवेल. सुकेळी तुझ्या वाटणीची बाजूला ठेवते. मुलीलाही घेऊन ये. इतक्या वर्षांत का आली नाहीस, आता का आलीस, काही विचारणार नाही. मला मात्र तुला दोन शब्द सांगायचे आहेत. ते पत्राने जमणार नाहीत, कागदावर मी पुष्कळ सह्या केल्या. ते तोंडीच ऐकून जा.